उजवं पाऊल

"ढकला. माझ्या हाताला ढकला, आहे नाही तेवढा जोर लावून," तपासनीस बाई म्हणाल्या आणि त्यांनी तिच्या उजव्या तळपायाला हात टेकवला.

ती टेबलावर उताणी पडून छताकडे बघत होती. उद्या स्पर्धा. अपंग घोडेस्वारांचं अंग आधी तपासतात, किती मेलंय ते मोजतात, मग गट ठरतो. ज्यांचं जास्त मेलंय त्यांचा पहिला गट, त्यात घोडा नुसता चालवायचा. आखीव, संथ, डौलात. दुसऱ्या गटात दुडकी चाल आली. आणि तिचा घोडा दुडकीत असा उसळायचा की त्याने दोनदा तिला मातीत लोळवलं होतं. एकदा खांद्याचं हाड गेलं. दुसरा घोडा तिला द्यायला कोणी बसलं नव्हतं. मागच्या तपासणीत ती पहिल्या गटात टिकली तीही जेमतेम एका गुणाने.

आणि दोन महिन्यांपूर्वी हे पाऊल जागं झालं. एकोणीस वर्षांनी. रिकिबीत त्याने आपणहून दाब दिला, घोड्याने कान मागे वळवले. घोडा सोडला तर कुणालाच पत्ता नव्हता. आईलासुद्धा नाही.

"ढकलताय ना?"

"ढकलतेय की."

पाऊल तिने मढ्यासारखं पडू दिलं. 'प्रयत्न कर, प्रयत्न कर' म्हणत पांढरे कोट जन्मभर तिच्या बोकांडी बसले होते. आज त्याच कोटासमोर प्रयत्न न करताना तिला घाम फुटला होता. लाज वाटत होती आणि संतापही येत होता. हा असला बाजार काही तिने मांडला नव्हता.

बाईंच्या कपाळाला आठी पडली. बोटांना काहीतरी लागल्यासारखं त्या थांबल्या. मग कोपऱ्यात पिशवी मांडीवर घेऊन बसलेल्या आईकडे वळल्या.

"घरी कधी या पायात हालचाल दिसली?"

आई रोज सकाळी तो पाय मांडीवर घेऊन तेलाने चोळायची. दोन महिने त्या वेळी ती डोळे मिटून, पाऊल आवरून पडून राहत होती.

"हालचाल?" आई फिस्सकन हसली. "अहो बाई, एकोणीस वर्षं चोळतेय. तेवढा या टेबलाचा पाय चोळला असता तर टेबल चालत घरी आलं असतं. हे मात्र ढिम्म!"

बाईंनाही हसू आलं. त्यांनी कागदावर लिहिलं. गट पहिला.

बाहेर बोळात आईने तिला चाकांच्या खुर्चीत बसवलं आणि बूट चढवायला समोर जमिनीवर बसकण मारली. तिला आईच्या नजरेला नजर देववेना. टेबलावरचा तो विनोद अजून कानात सलत होता. बिचारीला काहीच माहीत नाही, आणि आपण तिलाही फसवलं.

आईने मोजा बाजूला ठेवला. बोळाच्या या टोकाला पाहिलं, त्या टोकाला पाहिलं. मग ते उघडं पाऊल दोन्ही तळव्यांत धरलं.

"दोन महिने तुझं झोपेचं सोंग बघतेय," ती हळूच म्हणाली. "आता हलव. इथे कोणी नाही."