शेपटीवरची डाळ

"म्हणजे कोठीतली सहा किलो डाळ काल तुम्ही नेलीत!" कारखान्याच्या भटारखान्यात मावशींनी कमरेवर हात ठेवले. "आणि मी इथे बिचाऱ्या पोरींना फाडफाड बोलले."

समोर विमानांचे आराखडे काढणारे मोठे साहेब उभे होते, शाळेत उशिरा आलेल्या मुलासारखे. "चुकलंच. पण आणखी तेवढीच हवीय, मावशी. वाटाण्याचीच."

"खायला?"

"विमानाला चिकटवायला."

मावशींनी कपाळाला हात लावला. लढाई सुरू झाल्यापासून भल्याभल्यांची डोकी फिरलेली त्यांनी पाहिली होती, पण आता साहेबसुद्धा? "जा हो! इथे तुमची डाळ शिजायची नाही."

साहेब गेले नाहीत. ओट्यावर पीठ सांडलं होतं, त्यात त्यांनी बोटानं पंख काढला. नव्या लढाऊ विमानाचे पत्रे हजारो रिव्हेटांनी, म्हणजे ठोकून बसवायच्या बिनटोकाच्या खिळ्यांनी जोडलेले. प्रत्येकाचं डोकं पत्र्यात सपाट बसवलं की वाऱ्याला अडत नाही, पण त्यासाठी प्रत्येक भोकाला आधी खळगा कोरावा लागतो. त्यातच महिना जातो. गोल डोक्याचे ठोकले तर काम झटपट होईल, पण वेग घटेल. कुठे चालतील, कुठे नाही, हे पाहायला दुसरं विमान बांधायची सवड कुणाला आहे? म्हणून तयार विमानाच्या प्रत्येक सपाट डोक्यावर एकेक डाळ चिकटवून ते गोल करायचं आणि उडवून बघायचं.

"काल संध्याकाळी चिकटवली. सकाळी बघतो तर फुगून सगळी खाली."

"रात्रभर दवात ठेवलीत डाळ, फुगेल नाही तर काय? एवढी बुकं शिकून..." मावशी मध्येच थांबल्या. त्यांचा धाकटा मुलगा सीमेवरच्या वैमानिकांच्या तुकडीत होता. तिथली पोरं आपल्या जुन्या विमानाला म्हातारी म्हणत. शत्रूनं मागे लागायचा अवकाश, म्हातारी सापडलीच. अठरा जणांतले आता अकरा उरले होते, आणि नवी विमानं त्यांना मिळणार होती हिवाळा संपल्यावर.

"आजच उडवायचं?"

"आजच. संध्याकाळपासून पुढच्या शेपट्यांना खळगे कोरायला घेतील. एकदा कोरले की गोल रिव्हेट बसायचे नाहीत."

"मग उभे काय राहिलात? परात उचला त्या बाजूनं!"

भटारखान्यातल्या सगळ्या पोरी विमानाभोवती जमल्या. मावशींनी चुरा, चपट्या, किडक्या, सगळ्या बाजूला काढायला लावल्या. सपाट बाजू खाली, फुगीर वर. कारखान्यातले गडी नाकावरच्या पंख्यापाशी दहा डाळी लावीपर्यंत पोरींची ओळ संपलेली असे. "ह्याला म्हणतात निवडायचा हात," मावशी म्हणाल्या, आणि गोंद सुकेपर्यंत स्वतः उन्हात राखण करत बसल्या.

चाचणी घेणारा वैमानिक पहिल्यांदा उतरला तो वैतागूनच. "चाळीस किलोमीटरनं वेग घटला! विमान आहे की बैलगाडी?"

मावशींचा चेहरा उतरला. साहेब मात्र शांत होते. "पंखांवरची खरवडा."

पोरींनी नखांनी, उलथन्यांनी पंख खरवडले. विमान पुन्हा गेलं, थोडं सुधारून आलं. मग नाकाकडची काढली. आता फक्त मागचं धड आणि शेपटी डाळीनं भरलेली होती. तिसऱ्यांदा वैमानिक उतरला तेव्हा ऊन कललं होतं. त्यानं गुडघ्याला बांधलेला नोंदींचा कागद काढून साहेबांना दिला.

"पूर्ण वेग. एका किलोमीटरचाही फरक नाही."

"नक्की?"

"दोनदा पाहिलं."

साहेबांनी कागद घडी करून खिशात घातला आणि ओरडून सांगितलं, "शेपट्यांचे खळगे थांबवा! मागे सगळे गोल!" मग ते मावशींकडे वळले. "एका विमानामागे अकरा दिवस वाचले."

"असं कोड्यात नका बोलू. माझ्या धाकट्याला कधी?"

"पुढच्या पंधरवड्यात. यादीत त्याची तुकडी पहिली आहे."

मावशींना भरून आलं. त्या तिथेच, सगळ्यांदेखत, हमसून रडल्या. मग बाहीनं नाक पुसलं आणि भटारखान्याकडे गेल्या.

संध्याकाळच्या जेवणाचा भोंगा वाजला. शेपटीवर रिव्हेट ठोकणारी पोरगी हत्यार खाली ठेवणार, तोच मावशी पातेलं घेऊन दारात. त्या सरळ तिच्याजवळ गेल्या, चमचा भरला, त्यावर फुंकर घातली.

"हात थांबवू नकोस," त्या म्हणाल्या. "आ कर."