सुनेचा नमुना

"जीभ बाहेर काढायची आणि जरा वेळ तशीच ठेवायची. बाकी काही नाही," मास्तर सुनेला म्हणाले.

ती पलंगावर उशांना टेकून बसली होती. आडवं झालं की तिला श्वास पुरत नव्हता. नर्सने तिच्या तोंडावरचा ऑक्सिजनचा मास्क खाली ओढला आणि लवकर आटपा म्हणून बजावलं. सासऱ्यांना जीभ काढून दाखवायची, या विचाराने सुनेला तशातही हसू आलं. हसण्याचा खोकला झाला. तो थांबेपर्यंत मास्तर कापूस लावलेली काडी हातात धरून भिंतीकडे बघत राहिले.

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत. टीबीच्या प्रयोगशाळेत नमुने तपासण्यात त्यांचा जन्म गेला होता, आणि तिथल्या मंडळींनी त्यांचं नाव खाकरमास्तर ठेवलं होतं. कुणी डबीत नुसती थुंकी आणून दिली की मास्तर डबी उजेडात धरत, हलवून बघत आणि परत करत. "हे तोंडाचं पाणी झालं. मला छातीतला बेडका पाहिजे," असं म्हणून सगळ्यांदेखत स्वतः खाकरून दाखवत. बेंबीच्या देठापासून खाकरत. रांगेतल्या आजारी माणसांनाही हसू फुटे, पण मग डबीत हवं ते पडे. पुष्कळ लोकांचा आजार त्यांनी असा वेळेवर पकडला होता.

आता प्रयोगशाळेत नव्या तपासणीवर काम चाललं होतं. बेडक्याची गरजच नाही, जिभेवरून फिरवलेली काडी पुरते, असं तिथल्या मॅडमचं म्हणणं होतं. ते खरं की खोटं हे ठरवायला, ज्यांना टीबी असल्याचं पक्कं ठाऊक आहे अशा माणसांच्या जिभेचे नमुने लागत होते. सुनेचं पक्कं झालं ते काल. छातीत नळी घालून पाणी काढलं तेव्हा. औषध सुरू झालं होतं, पण दोन्ही फुफ्फुसांत आता काही उरलं नाही, हे डॉक्टरांनी तिच्या नवऱ्याला आणि मास्तरांना बाजूला घेऊन सांगितलं होतं. तिला कुणी सांगितलं नव्हतं. तिला ते कळलेलं होतं.

मॅडम म्हणाल्या होत्या, तुम्ही जाऊ नका, दुसऱ्या कुणाला तरी पाठवते. मास्तरांनी ऐकलं नाही.

त्यांनी काडी तिच्या जिभेवरून फिरवली. पुढून मागे, अगदी हलक्या हाताने. मग ती नळीत घालून झाकण घट्ट लावलं. नर्सने मास्क परत चढवला आणि ती दुसऱ्या पलंगाकडे गेली.

एवढंच का, असं सुनेने नजरेनेच विचारलं. एवढंच, मास्तर म्हणाले. खाकरायला नको, काही नको. लहान मुलांना बेडका काढता येत नाही, म्हाताऱ्यांना जोर लावता येत नाही, आणि कितीतरी बायामाणसांना चारचौघांत, म्हणजे घरात सुद्धा... रोजच्या सवयीने ते सांगत सुटले होते. मध्येच थांबले.

सुनेने मास्क स्वतःच्या हाताने खाली केला.

"बाबा, तुम्ही मला घरी डबी दिली होती ना. तिच्यात थुंकीच होती." एकेका वाक्याला ती दम घेत होती. "तुम्ही बाहेरच पेपर वाचत बसला होता. तुम्हाला ऐकू जाईल म्हणून मी नळ सोडला. तरी खाकरवेना."

मास्तरांना ती डबी दिसली. प्रयोगशाळेत गेल्याबरोबर सवयीप्रमाणे त्यांनी ती उजेडात धरली होती, आणि आतलं पाणी इकडून तिकडे गेलं होतं. दुसऱ्या कुणाची असती तर त्यांनी ती तिथल्या तिथे परत केली असती. संध्याकाळी घरी जायचं, सून चहा घेऊन येणार, आणि तिला म्हणायचं काय, की बेडका काढ? जो शब्द दिवसभर परक्यांसमोर मोठ्याने उच्चारायचा, तो घरात सुनेसमोर उच्चारायला मास्तरांची जीभ रेटली नाही. त्यांनी तोच नमुना तपासला. जंतू सापडले नाहीत. घरात सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. पुढे खोकला वाढला, ती वाळत गेली, मोठ्या दवाखान्यात दाखवा असं शेजारपाजारचे म्हणू लागले, तेव्हा तिचा नवरा प्रत्येकाला सांगायचा, टीबीबिबी काही नाही, बाबांनी स्वतः तपासलंय.

तो आत्ता बाहेर बाकावर बसला होता. त्या डबीचं त्याला अजून काही माहीत नव्हतं.

"मला कळलं होतं, बाळ," मास्तर म्हणाले. "डबी हातात घेतली तेव्हाच."

तिने आता चिडावं, तोंडाला येईल ते बोलावं, असं मास्तरांना मनापासून वाटत होतं. ते सोसलं असतं. नमुन्याची नळी अजून त्यांच्या हातातच होती. चहाचा कप देताना सोडलं तर सुनेने त्या हाताला कधी हात लावलेला नव्हता. तिने तो धरला.

"बोलला नाहीत ते बरंच केलंत, बाबा," ती म्हणाली. "लाजेनं मेलेच असते मी."