फोटोखालचा नकाशा

“फोटो कुटं काढला ते फोटोवरनंच कळतं म्हणे. खरं हाय का?” सिद्धलिंगप्पांनी बशीत चहा ओतता ओतता विचारलं, आणि गिरिजाबाईंची भाकरी तव्यावर तशीच राहिली.

प्रश्न त्यांना नव्हता. शेजारची रेश्मा विरजण मागायला आली होती, तिला होता. रेश्मा मोबाइलच्या दुकानात कामाला. असलं काही विचारायला कुणी भेटलं की तिला विरजणाचा विसर पडतो. तिने काकांचा फोन हातात घेऊन कॅमेऱ्याचं लोकेशन चालू केलं आणि फायदेही सांगितले. काकांच्या दुकानातली पेंडीची पोती कुठल्या गोदामात उतरली, कुणाच्या दारात टाकली, सगळं फोटोखाली सापडेल. माल आलाच नाही म्हणायची कुणाची टाप नाही.

सिद्धलिंगप्पांनी तिथल्या तिथे घराच्या दाराचा फोटो काढला. फोटो तिरका आला. तरुणपणी तराजूच्या मापाखाली सापडून त्यांच्या अंगठ्याचं नख कायमचं काळं पडलं होतं; त्याच अंगठ्याने त्यांनी फोटो वर सरकवला. खाली नकाशा आला, त्यावर शुक्रवार पेठ.

“लई कामाचं हाय की,” ते म्हणाले.

करपल्याचा वास आला तेव्हा गिरिजाबाईंनी भाकरी उलटली.

तीन वर्षांपूर्वी त्यांच्या लेकीने, दानेश्वरीने, जातीबाहेरच्या अमृतशी लग्न केलं. या घरात तिचं नाव निघायचं नाही, असं सिद्धलिंगप्पांनी त्या दिवशी सांगितलं, आणि निघालं नाही. गिरिजाबाई मात्र नवरा दुकानात गेला की लेकीला फोन लावायच्या. पत्ता त्यांनी मुद्दाम विचारला नव्हता. नवऱ्याने समोर उभं राहून विचारलं तर आपल्याला खोटं बोलता येणार नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

नातू चालायला लागला तेही त्यांनी लेकीने पाठवलेल्या फोटोतच पाहिलं. एका बाजूला दानेश्वरी, एका बाजूला अमृत, मधे बाळ. फोटो तिरके असायचे आणि एक कड कापलेली. बाळ समोर न बघता त्या कापलेल्या कडेकडेच बघून हसायचं. गिरिजाबाई फोटो डोळे भरून बघायच्या आणि पुसून टाकायच्या. पुसताना दर वेळी रडू यायचं.

त्या दुपारी त्यांनी लेकीला बजावलं, फोनमधलं ते लोकेशन आधी बंद कर. एखादा फोटो पुसायचा राहिला आणि अप्पांच्या हाती लागला, तर ते थेट दारात येऊन उभे राहतील. दानेश्वरी बरं म्हणाली आणि बाळाच्या दातांचं सांगत बसली.

शनिवारी सिद्धलिंगप्पा नेहमीसारखे पेंडीच्या ऑर्डरी घ्यायला टेंभुर्णीला गेले. संध्याकाळी परत आले ते चष्म्याशिवाय. कुठंतरी राहिला म्हणाले. एरवी चष्मा मिनिटभर दिसला नाही तर घर डोक्यावर घेणारा माणूस, आज शांत होता. जेवताना ताटाकडे बघत त्यांनी सांगितलं, “उद्या सकाळी गाडी सांगितलीय. तूबी चल.”

“कुठं?”

“कळंल.”

गिरिजाबाईंनी ताट बाजूला सरकवलं. हात धुवायचं निमित्त करून त्या मागच्या दारी गेल्या आणि लेकीला फोन लावला. अप्पांना पत्ता लागलाय, उद्या सकाळी येणार, घराला कुलूप लावा आणि बाळाला घेऊन कुठंही जा, असं एका दमात सांगून टाकलं.



“येऊ दे की, अव्वा,” पलीकडून दानेश्वरी म्हणाली.

पोरीला कशाची भीतीच कशी वाटत नाही, याचा गिरिजाबाईंना मनापासून राग आला. बाप अमृतच्या अंगावर धावून गेला तर? बाळ घाबरलं तर? आयुष्यात पहिल्यांदा नातवाला जवळ घ्यायचं, ते असल्या भांडणात?

सकाळी सिद्धलिंगप्पा लिंगपूजेला बसले. पूजेतून ते मधे उठत नाहीत. फोन रोज त्यांच्या खिशात असायचा. आज तो स्वयंपाकघरात, चहाच्या डब्याला टेकवून ठेवलेला होता. गिरिजाबाईंनी तो उचलला. नवऱ्याला नेमकं किती कळलंय, तेवढंच त्यांना बघायचं होतं.

त्यांनी पुसलेले सगळे फोटो त्यात होते. त्यांना कधीच न आलेलेही होते; दवाखान्यातल्या दुपट्यात गुंडाळलेलं, डोळे मिटलेलं बाळसुद्धा. जुन्या फोटोंखाली नकाशा नव्हता. कालच्या फोटोखाली होता, टेंभुर्णीतल्या एका गल्लीचा. त्या फोटोत नातवाच्या नाकावर सिद्धलिंगप्पांचा चष्मा होता. या फोटोची कड कुणी कापलेली नव्हती. तिथून एक हात बाळापुढे बिस्किट धरत होता, आणि त्याच्या अंगठ्याचं नख काळं होतं.