साडेबावीसचे बूट

"किती माणसं?" फोनवरच्या बाईनं विचारलं.

"दोघं," कुरामोची म्हणाला. खोटं बोल पण रेटून बोल म्हणतात, पण त्याला रेटता येईना. घसा खाकरून त्यानं पुन्हा सांगितलं, "मी आणि माझी बायको, सुमिए."

सुमिएला जाऊन पंधरा महिने झाले होते. आधी त्यानं खरं बोलून पाहिलं होतं. जपानच्या पार दक्षिणेकडच्या उबदार इरिओमोते बेटावरच्या चार घरगुती लॉजना त्यानं एकटा येतोय म्हणून सांगितलं आणि चौघांनी अगदी गोड शब्दांत त्याला वाटेला लावलं. एकटा म्हातारा म्हटलं की लॉजवाले कचरतात. दोघांची खोली एकाला द्यायची, आणि वर हा मुकाट जेवणारा माणूस सकाळी धड उठतोय ना, याची काळजी वाहायची. ओहामाबाईंचा लॉज पाचवा आणि शेवटचा होता.

जायचं तर मार्चअखेरीसच. तेव्हा तिथं काजवे निघतात. कात्रणांच्या डब्यात सुमिएनं त्या ओळीखाली लाल पेन्सिल ओढली होती. डब्यात आणखीही बरंच होतं. बेटावर जेमतेम शंभरएक उरलेली रानमांजरं, साप खाणारे गरुड, ओहोटीच्या वाळूवर पलटणीसारखे निघणारे खेकडे. तीस वर्षं ती कात्रणं कापत राहिली आणि तीस वर्षं कुरामोची बर्फ हटवायची गाडी चालवत "निवृत्त झाल्यावर जाऊ" म्हणत राहिला. निवृत्त झाला तर त्याच्या गुडघ्याचं दुखणं निघालं, मग घराच्या छपराचं काम निघालं. आता निदान आपण एकट्यानं ते बेट पाहून यावं, नाहीतर वर गेल्यावर तिला काय तोंड दाखवणार, एवढीच टोचणी त्याला लागली होती.

दोन दिवसांनी तो अंगणातला बर्फ उपसून आत येत होता तेव्हा फोन वाजला. त्यानं बूट दारातच भिरकावले. काढलेले बूट वळवून, दाराकडे तोंड करून ठेवायचे, ही लहान पोरांनाही येणारी रीत त्याला कधी जमली नाही. चाळीस वर्षं सुमिए मागून येऊन वळवायची.

"खारफुटीच्या चिखलात चालायला बूट आम्हीच देतो," ओहामाबाई म्हणाल्या. "मापं सांगा."

"माझं सव्वीस सेंटिमीटर. तिचं साडेबावीस."

"त्यांना फोन द्या की. मासे कसे आवडतात विचारते."

"अंघोळीला गेलीय."

पुढच्या आठवड्यात बाईंचा पुन्हा फोन आला. होडीत बसायचं तर वजनं हवी होती. वजन सांगून झालं आणि बाईंनी पुन्हा सुमिएला फोन द्यायला सांगितलं.

"अंघोळीला गेलीय," कुरामोची म्हणाला. दुसरं काही सुचलंच नाही.

"दुपारी तीन वाजता?"

"हो."

"भारीच स्वच्छ आहेत हो तुमच्या बाई. आमच्याकडे पाण्याची टाकी लहान आहे, आधीच सांगून ठेवते."

कुरामोची कसनुसं हसला. बाई हसल्या नाहीत.

"कुरामोचीसान, अडतीस वर्षं झाली मला हा लॉज चालवून. बायकोच्या बुटाचं माप विचारलं की प्रत्येक नवरा आत तोंड करून ओरडतो, 'अगं, तुझं माप किती?' आजवर एकालाही ठाऊक नव्हतं. तुम्ही पाढा म्हटल्यासारखं सांगितलंत." त्यांनी आवाज खाली आणला. "कधी गेल्या?"

खिडकीबाहेर बर्फाचा ढीग काचेच्या अर्ध्यावर आला होता. कुरामोचीनं रिसीव्हर एका हातातून दुसऱ्या हातात घेतला. आता पाचवा नकार येणार आणि सगळंच संपणार.

"गेल्याच्या आधीच्या डिसेंबरात," तो म्हणाला.

"फार जीव होता म्हणायचा. माप पाठ असणारा नवरा मी पहिल्यांदाच पाहतेय."

इथं गप्प बसला असता तर चाललं असतं. पण पंधरा महिन्यांत असं कुणी त्याच्याशी बोललंच नव्हतं, आणि न कमावलेल्या कौतुकाची त्याला लाज वाटली.

"ती होती तेव्हा मलाही ठाऊक नव्हतं," तो म्हणाला. "स्ट्रेचरवरून नेली तिला, नुसत्या मोज्यांवर. बूट दारातच राहिले. नंतर एकदा हातात घेऊन आतला आकडा वाचला. आता रोज वाचतो."

पलीकडून बेडकांचा आवाज येत होता. त्याच्या गावात बेडूक निघायला अजून दोन महिने होते.

"नोंद दोघांची केलीय मी," ओहामाबाई म्हणाल्या. "खाडाखोड करायची सवय नाही मला. पण जेवताना माझ्याशी बोलावं लागेल. मुकाट्यानं जेवलेलं मला खपत नाही. काय?"

"बरं," कुरामोची म्हणाला.

"मग बूट दोन जोड काढून ठेवते."

"नको, एकच काढा. तिचे मी घेऊन येतो."

त्यानं फोन ठेवला. दारात सुमिएचे निळे कापडी बूट होते, तिनं वळवून ठेवले होते तसेच, दाराकडे तोंड करून, कधीही निघायच्या तयारीत. शेजारी त्याचे दोन दिशांना पडले होते. तो खाली वाकला, आणि जन्मात पहिल्यांदा त्यानं आपले बूट वळवून तिच्या बुटांशेजारी ठेवले.