फाटकापर्यंतची सोबत

"शेवटच्या टप्प्याला खांदा तू दे, हर्बी," ब्रीज म्हणाली. "पण फाटकाशी सोडून जाऊ नकोस."

हर्बी मकोब्रीच्या हातातला चहाचा कप तसाच राहिला. स्वयंपाकघरात शेजारणी सँडविच कापत होत्या. पलीकडच्या खोलीत फेलिम डेव्हलिनची शवपेटी अजून उघडी होती.

फेलिम म्हणजे ब्रीजचा नवरा, आणि हर्बीच्याच मतदारसंघातला समोरच्या बाकांवरचा आमदार. तिथे एकेका मतदारसंघातून अनेक आमदार निवडून यायचे, हर्बीही त्यांतलाच एक. फेलिम कॅथलिक, हर्बी प्रॉटेस्टंट. दोन्हीकडच्या पुढाऱ्यांचं भांडण मिटेना, म्हणून विधानसभा स्थगित होऊन दीड वर्ष झालं होतं. 'बिनसभेचे आमदार' म्हणून गाव दोघांनाही सारखंच चिडवायचं.

"ब्रीज, तुला माहीत आहे," हर्बी हळूच म्हणाला. "आमच्यातला माणूस रस्त्यावर खांदा देतो आणि तुमच्या चर्चच्या फाटकाशी बाजूला होतो. आतली प्रार्थना, तुमची मिस्सा, संपेपर्यंत समोरच्या भिंतीपाशी उभा राहतो. माझा बाप तसाच उभा राहायचा."

"माझ्या बापाच्या वेळी पावसात उभा होता बिचारा. चांगला माणूस." तिने त्याच्या हातातला कप घेतला, गार झालेला चहा ओतून दिला आणि गरम भरून दिला. "आत आलास तर ते तुमच्या प्रॉटेस्टंट संघटनेचे लॉजवाले नाव काढून टाकतील ना तुझं?"

"काढतीलच. कॅथलिक चर्चमध्ये प्रार्थनेला बसायचं नाही, हा लॉजचा नियमच आहे. आणि उद्या सभा पुन्हा भरली, तर मला तिकीट कोण देतंय?"

"मग विचार कर. नाही आलास तरी मी रागावणार नाही." तिने किटली खाली ठेवली. "दर सोमवारी तू त्याला गाडीतून न्यायचास. कुणी एकत्र बघू नये म्हणून विधानसभेच्या अलीकडच्या वळणावर उतरवायचास. उरलेला चढ तो पायी जायचा. घरी येऊन मला म्हणायचा, हर्बीची गाडी झकास आहे गं, फक्त पोचवत नाही."

हर्बीचे कान लाल झाले. "त्याने तुला सांगितलं होतं?"

"डबा कोण भरत होतं रे? दोघांचा. तुझ्या सँडविचला मोहरी लावायची नाही, हे काय फेलिमच्या लक्षात राहणार होतं?"

तेवढ्यात अंत्यविधीची व्यवस्था बघणारे लूनी दारात आले आणि म्हणाले, "झाकण लावतोय." ब्रीज उठून आत गेली.

शवपेटी घरातून निघाली. वाऱ्याने कुंपणाची झुडपं आडवी होत होती. सहा-सहा माणसं थोडं अंतर चालायची, मग मागून पाठीवर थाप पडली की नव्या सहा जणांना जागा द्यायची. चर्चचा मनोरा दिसायला लागला तेव्हा लूनींनी उंची बघून शेवटच्या जोड्या लावल्या. पुढच्या जोडीत हर्बी, आणि त्याच्या बरोबरीला काहल मगर्क.

काहल फेलिमच्या पक्षाचा नेता. वाटाघाटींच्या टेबलाशी तो आणि हर्बी महिनोन्‌महिने समोरासमोर बसले होते, पण एकमेकांचा हात हातात घेतला नव्हता. इथे मात्र पेटीखालून एकमेकांच्या खांद्यावर हात टाकावाच लागतो. नाहीतर पेटी डळमळते.

"टाका की हात," लूनी पुटपुटले. "चावत नाही कुणी."

हात टाकले गेले. सहाही माणसं चालायला लागली.

"जरा वाक," काहल दबक्या आवाजात म्हणाला. "तू उंच. फेलिम माझ्याकडे घसरतोय."

"जन्मभर तो तुमच्याच बाजूला कललेला होता," हर्बी म्हणाला. "आता मी काय करू?"

काहलचा खांदा थरथरला. तो हसतोय की रडतोय, ते हर्बीला मान वळवून बघता येत नव्हतं. त्याने गुडघे थोडे वाकवले. पेटी सरळ झाली.

फाटक जवळ आलं. समोरच्या भिंतीपाशी हर्बीच्या समाजातले लोक टोप्या काढून ओळीने उभे होते. लॉजचा प्रमुख ट्रेव्हर टोकाला होता. त्याने नेहमीप्रमाणे आपल्या शेजारी हर्बीपुरती जागा मोकळी ठेवली होती.

हर्बीच्या पाठीवर थाप पडली. त्याच्या जागी यायला फेलिमचा पुतण्या तयार होता.

हर्बी हलला नाही.

पुन्हा थाप पडली, या वेळी जरा जोरात. लूनी कानाशी आले. "हर्बी, फाटक आलं."

"दिसतंय मला."

सहाही माणसं थांबली. मागची सगळी अंत्ययात्रा थांबली. काळ्या कोटातली ब्रीज मागे उभी होती. तिने त्याला हाक मारली नाही. ट्रेव्हरने भिंतीपासून हर्बीकडे पाहिलं, मग बाजूच्या मोकळ्या जागेकडे. तो सरकून ती भरू शकला असता. तो होता तिथेच उभा राहिला.

हर्बीने काहलच्या खांद्यावरची पकड घट्ट केली.

"आत पायऱ्या आहेत का रे?" त्याने विचारलं. एवढं आयुष्य या गावात काढून त्याला ते ठाऊक नव्हतं.

"आहेत," काहल म्हणाला. "पहिली जरा उंच आहे. आली की सांगतो."