सुरुवातीचा श्वास

चौघे चार घरांत बसून वाजवत होते आणि त्यांचे आवाज जुळवायला मी पाचव्या घरात. भर दुपारची ऑनलाइन मैफल. पहिली व्हायोलिनवाली नाकाने जोरात श्वास घेते आणि त्या इशाऱ्यावर सगळ्यांचे गज तारांवर येतात. ही त्यांची रीतच.

दुसऱ्या रचनेआधी धाकटी, म्हणजे माझी चेलो वाजवणारी बहीण, म्हणाली, "दादा, श्वास दोनदा येतोय. डुलकी लागली का तुला?"

"जागा आहे मी. तू वाजव."

दुसरा श्वास मीही ऐकला होता.

तिसऱ्या रचनेआधी मी चारही माइक बंद केले. तरी श्वास आला. तिघांनी सुरुवात केली. व्हायोलिनवाली अजून पान उलटत होती. मी घाईघाईने माइक चालू केले.

मैफल संपली. धाकटीने गज पेटीत ठेवला, पेटी लावली, पडद्यावरून माझ्याकडे बघून हुश्श केलं.

मग तो श्वास आला.

चार उजवे हात वर गेले. धाकटीचा रिकामा होता.

"दादा, हा मी उचललेला नाही. बंद कर ना सगळं."

मी सगळ्या यंत्रांची मुख्य वायर उपटली. पडदा काळा झाला.

हेडफोनमध्ये चेलो सुरू झाला.