तीन नारिंगी टोप्या

“एक, दोन, तीन.” मावशीनं तिन्ही नारिंगी टोप्यांवर टपली मारली आणि पोरांना बागेतल्या छोट्या आगगाडीत कोंबलं. सकाळपासूनची ही अकरावी मोजणी. गाडीचे डबे एवढेसे, त्यात मोठ्या माणसांनी शेवटच्या डब्यातच बसायचं असा नियम. म्हणजे आता तळ्याभोवतीची फेरी संपेपर्यंत तिला पोरांच्या फक्त टोप्या दिसणार होत्या.

थोरली आणि धाकटा तिची स्वतःची. ती हरवली असती, तरी भूक लागल्यावर आपसूक परतली असती. जीव टांगणीला लागला होता तो टिकलीपायी. टिकली बहिणीची मुलगी, पाच वर्षांची, आईचा पदर सोडून आज पहिल्यांदाच बाहेर पडलेली. “ताई, ती परक्यांत तोंड उघडत नाही,” बहिणीनं दारात दहादा बजावलं होतं. “हाक मारलीस तरी ओ देईलच असं नाही. तिला नजरेआड करू नकोस.”

म्हणून तर या टोप्या. मावशी टोप्या शिवणाऱ्या कारखान्यात तपासनीस होती. गेल्या आठवड्यात एका शाळेच्या सहलीसाठी असल्याच भडक टोप्या तिच्या हातून पास झाल्या. जास्तीच्या तीन तिनं साहेबांना विचारून घरी आणल्या. लांबून दिसतात, मोजायला सोप्या, पोरं हरवायचा प्रश्नच नाही. स्वतःच्या हुशारीवर ती बेहद्द खूश होती. ती शाळा सहलीला कुठं आणि कधी जाणार, हे मात्र तिनं विचारलं नव्हतं.

गाडीनं शिट्टी दिली.

“आई, अगं आई,” धाकटा मागं वळून ओरडला.

“तोंड पुढं कर आणि दांडा धरून बस. गाडी थांबेपर्यंत एक शब्द नको.”

तो गप्प बसला. आईचं ऐकायला त्यानं नेमका हाच मुहूर्त निवडला.

अर्ध्या वाटेत बहिणीचा फोन आला. “टिकली काय करतेय?”

“मजेत आहे. समोर बसलीय, टोपी दिसतेय मला.”

“रडली नाही ना?”

“छे गं. तू निवांत तुझं काम कर.”

गाडी तळ्याला वळसा घालून परत आली. पहिल्या डब्यातून थोरली आपली आपण उतरली. मावशीनं तिसऱ्या टोपीला काखेत हात घालून उचललं. टोपी मागं सरकली आणि पुढचे दोन दात पडलेला एक अनोळखी मुलगा तिच्याकडे बघून हसला.

“हा कोण?”

“तेच तर सांगत होतो,” धाकटा म्हणाला.

मावशी गर्रकन मागं वळली. तळ्याकडे बघायचं धाडस होईना आणि नजर दुसरीकडे जाईना. काठावर बदकं होती, कठड्याला एक फळी कमी होती, आणि एवढ्याशा मुलीला आत शिरायला तेवढी फट पुष्कळ झाली. तिनं घसा फुटेस्तोवर टिकलीला हाका मारल्या. ओ देणारं पोर नव्हतंच ते. पाचच मिनिटांपूर्वी आपण बहिणीला काय सांगितलं, हे तिला आठवलं.

तिनं मुलाचे खांदे धरले. “बाळा, तू कुणाबरोबर आलास?”

“शाळेबरोबर. बाई म्हणाल्या, पुढच्या टोपीच्या मागं मागं चालायचं. मी चाललो.”

तेव्हा कुठं मावशीच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. तिनं तिन्ही पोरांना अक्षरशः ओढत बागेचं फाटक गाठलं. बाहेर एक बस इंजिन सुरू करून उभी होती आणि बसशेजारी जोडीजोडीनं नारिंगी टोप्यांची लांबलचक रांग. एकेक टोपी तिनंच उलटीसुलटी करून पास केलेली. तिला ती रांग बघवेना.

“माझी भाची तुमच्यात आलीय,” तिनं धापा टाकत शाळेच्या बाईंना सांगितलं.

“आमची साठ आहेत. दोनदा मोजलीत,” बाई म्हणाल्या. “आमच्यात जास्तीचं कुणी नाही.” आणि त्यांनी पहिल्या जोडीला बसमध्ये चढायची खूण केली.

“माझीही तीन भरतात,” मावशी म्हणाली आणि तिनं दात पडलेल्या मुलाला पुढं केलं.

बाईंनी त्याच्याकडे पाहिलं. चढू लागलेल्या जोडीला त्यांनी घाईघाईनं खाली उतरवलं.

“सगळ्यांना टोप्या काढायला सांगा,” मावशी म्हणाली.

टोप्या निघाल्या. खालून वेण्या निघाल्या, कुरळे केस निघाले, घामानं चिकटलेले भांग निघाले. मावशी रांगेतून एकेक तोंड बघत चालली. एवढी पोरं होती, पण ज्याच्या त्याच्या चेहऱ्यावर आपला तो वेगळाच भाव. शेवटून चौथ्या जोडीत, एका मुलीचा हात घट्ट धरून, टिकली उभी होती.

मावशी तिथंच रस्त्यावर गुडघे टेकून बसली आणि तिनं पोरीला कवटाळलं. जिवात जीव आला, तसा आवरून धरलेला रागही आला. “कुठं गेली होतीस गं? मावशीकडे परत यायचं नाही का?”

टिकलीनं टोपी पुन्हा नीट डोक्यावर घातली. मग हळूच म्हणाली, “बदकं बघून मी आले होते परत. पण तुझी तीन झाली होती.”